ड्रॅगनच्या पंजातली ढमी

३ तारीख, मंगळवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण लिहायची लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही. माझ्या ढमीला ड्रॅगननं उचललंय.

म्हणजे खरंखुरं नाही, पुस्तकाच्या कव्हरवर. पण ढमी खरी आहे. माझी आठ महिन्यांची पोरगी. तेच टक्कल, तोच उघडा जबडा, खालचे दोन दात. गालावरचा तीळसुद्धा सोडला नाही मेल्यानं.

मी छापखान्यात बाइंडिंगला आहे. कव्हरं मोजायची, घड्या घालायच्या, पुस्तकाच्या पाठीला चिकटवायची. दुपारपर्यंत ढमी सासूबाईंकडे असते. मग त्यांचे गुडघे दुखायला लागतात आणि त्या तिला माझ्याकडे आणून सोडतात. मालक काही म्हणत नाहीत. ढमी रद्दीच्या टोपलीत बसते आणि कागद खाते.

काल रंगीत छपाईवाल्याकडून नवीन कव्हरांचा गठ्ठा आला. दोरी कापली आणि हातातली कात्री पायावर पडली. काळा डोंगर, लाल आभाळ, दुमजली घराएवढा ड्रॅगन आणि त्याच्या पंजात ढमी. वर पिवळ्या अक्षरात पुस्तकाचं नाव, ‘अग्निकड्याचा शेवटचा बळी’.

शेवटचा बळी! माझी पोरगी!

घरी कव्हर दाखवलं तर नवरा खूश. “अगं, लोकांची पोरं साध्या फोटोत धड येत नाहीत, आपली कव्हरवर आली! आणि तू रडतेस?” एक कव्हर त्यानं गाडीत पुढच्या काचेला लावलंसुद्धा. आता बारा दिवस माल घेऊन बाहेरगावी गेलाय, तिकडेही दाखवत फिरेल. सासूबाई मात्र चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, “चित्रात आलं ते चरित्रात येतं.” एवढं बोलून झोपायला गेल्या. घोरल्याही. जागी मी.

४ तारीख, बुधवार

ही डायरी फुकटची आहे. बांधताना पानं उलटसुलट लागली, मार्चनंतर एकदम नोव्हेंबर येतो. मालकांनी सगळ्यांना एकेक वाटली. म्हणून छापलेली तारीख खोडून माझी लिहिते. मी सातवीपर्यंत शिकले, अक्षर बरं आहे, जोडाक्षरात जरा अडखळते.

आज कव्हरं काढणाऱ्या पेंटरकाकांना जिन्यातच गाठलं.

“काका, माझी पोरगी तुम्हाला कुठे सापडली?”

“टोपलीत. बोंबलत होती ना त्या दिवशी? फोटो काढून ठेवला. चाळीस वर्षं चित्रं काढतोय, इतकी सुंदर बोंब पाहिली नव्हती.”

“मला न विचारता?”

“ड्रॅगनला तरी कुठे विचारलं? आमच्या न्हाणीघरातली पाल आहे ती. पंख माझ्या छत्रीचे.”

मग मी म्हटलं, कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात ती राणी आहे ती कोण? तर म्हणे हात तुझाच आहे. गोंदाचा ब्रश धरतेस तसा धरलाय, फक्त ब्रशच्या जागी तलवार दिली. आणि चेहरा त्यांच्या बायकोच्या मामेबहिणीचा. “बायकोला बोलू नकोस.”

मी चित्राकडे परत बघितलं. राणीच्या डोक्याला लोखंड, खांद्याला लोखंड, गुडघ्यालाही लोखंड, आणि पोट उघडं! लढाईला निघालीय! म्हटलं, काका, लोक काय गुडघ्यावर बाण मारतात का? तर म्हणाले, “ते मालकांना विचार. पोट झाकलं की पुस्तकं पडून राहतात म्हणे.”

शेवटी धीर करून विचारलं. “गोष्टीत माझ्या पोरीचं काय होतं?”

“मला काय माहीत? मी पुस्तक वाचत नाही गं. वाचलं की हात बिघडतो. मालक तीन शब्द सांगतात, तलवार, जनावर, बाई. ह्या वेळी म्हणाले, काळजाला हात घालेल असं काहीतरी टाका. मी बाळ टाकलं.”

म्हणाले, मागच्या एका पुस्तकावर त्यांनी वाघावर बसलेला माणूस काढला होता. आत तो माणूस पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पायीच चालतो आणि त्याला कुत्र्याचीही भीती वाटते. मी म्हटलं, मग लोक भांडायला येत नाहीत? “एकजण आला होता. मालकांनी दुसऱ्या भागात वाघ घालून घेतला.”

हसले आणि गेले. मला हसू आलं नाही. ढमीला कणकण आहे.

६ तारीख, शुक्रवार

ढमीचा ताप उतरला. दात येतोय म्हणाले डॉक्टर. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरांनी कव्हर बघितलंय का?

छापखान्यात आज एकेकाला विचारत फिरले, गोष्टीत बाळाचं काय होतं. मशीनवाला म्हणाला, कुठलं बाळ. टायपिंगवाली ताई तर रोज तेच टाइप करते, तिला तरी माहीत असेल ना? तिनं गाणी ऐकायच्या वायरचं एक बोंडूक कानातून काढलं. “मला अक्षरं दिसतात गं, गोष्ट दिसत नाही. मागे एका पानावर लेखकानं वाण्याकडून आणायच्या सामानाची यादी लिहिली होती, तीपण टाइप केली. छापून आली. कोणाला कळलं नाही.” परत बोंडूक कानात.

मालक बाहेरूनच म्हणाले, वाचायला वाचक आहेत, तुम्ही आपलं काम करा.

म्हणजे एवढ्या मोठ्या छापखान्यात माझी पोरगी जगणार की मरणार हे एकालाही माहीत नाही! मग मीच वाचणार. फुकट गेलेली पानं उचलून पिशवीत घातली. दोनशे नव्वद पानं आहेत. शाळा सोडल्यापासून मी गॅसच्या पुस्तकापलीकडे काही वाचलेलं नाही.

७ तारीख, शनिवार

एकतीस पानं झाली. बोट ठेवून वाचते.

राणी राणी नाहीच. ती धोबीण आहे. राजवाड्याचे कपडे धुते आणि खिशात राहिलेल्या चिठ्ठ्या वाचून तिला राज्याची सगळी लफडी कळतात. हुशार बाई आहे. तलवार अजून हातात घेतलेली नाही, कपडे बडवायचं धोपाटणं आहे. आणि अंगभर जाड झगा घालते, पोटाचा प्रश्नच नाही. काकांनी एवढंसं वाचलं असतं तर त्यांचं लोखंड वाचलं असतं.

एकतिसाव्या पानावर पूल तुटतो. मी ते पान उलटलं आणि आमच्या पलंगाचा पाय मोडला. पलंग गेलं वर्षभर डुगडुगतच होता, पण आजच का?

९ तारीख, सोमवार

सासूबाईंनी पकडलं. “लपूनछपून काय वाचतेस?” सांगितलं. म्हटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, “मोठ्यानं वाच. माझ्या नातीचा प्रश्न आहे.”

मग मी वाचत गेले आणि त्या ढमीला पायावर घेऊन ऐकत गेल्या. रोजची मालिका लावायची वेळ झाली तर म्हणाल्या, राहू दे, ती सासू रोज तेच तेच करते. ड्रॅगन एकशे बाराव्या पानावर आला. त्याला सर्दी झालेली असते. आग यायच्या ऐवजी शिंका येतात आणि गावातली धुणी वाळतात. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“पुढचं वाच.”

“उद्या वाचते ना. भांडी पडलीत.”

“भांडी मी घासते. तू वाच. ढमीसाठी चाललंय सगळं, मला काही त्यात गोडी नाही.”

भांडी त्यांनी घासली! लग्नाला तीन वर्षं झाली, पहिल्यांदा. मी घाबरून नऊ पानं जास्त वाचली.

१० तारीख, मंगळवार

सासूबाईंनी झोपूच दिलं नाही, रात्रभर वाचून आज सकाळी दोनशे नव्वदावं पान संपलं. बाळ नाही! आख्ख्या पुस्तकात एकही बाळ नाही! शेवटच्या पानावर धोबीण अग्निकड्याच्या पायथ्याशी उभी आहे, वर ड्रॅगन शिंकतोय, बस. मी ढमीचे इतके पापे घेतले की ती रडायला लागली.

पण सासूबाई म्हणाल्या, “बळी कोणाचा मग? गोष्ट संपली कुठे?” खरंच. शेवटचा भाग नव्हताच पिशवीत.

इथे मी आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. मालकांना विचारायला गेले.

“मालक, शेवट कुठाय?”

“लेखकाच्या डोक्यात. कव्हर आधी छापावं लागतं बाई. रंगीत छपाईवाला चार पुस्तकांची कव्हरं एकाच मोठ्या कागदावर मारतो, बाकी तिघं आपल्यासाठी कसे थांबतील? वीस तारखेला पुस्तकांचं प्रदर्शन आहे, तोवर शेवट होईल.”

“बरं झालं,” मी म्हटलं. “मला वाटलं बाळाचं काही होतं की काय. गोष्टीत बाळच नाही.”

मालक थांबले. “काय नाही?”

“बाळ.”

“कव्हरवर तर आहे!”

“हो, ते माझं आहे.”

मालकांनी कव्हर हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, “हां, लेखकमहाशय. शेवटात एक बाळ घाला. हो, टक्कल आहे. चार हजार कव्हरं छापून झालीत, आता बाळाला माघार नाही. आणि नावात बळी आहे, तर बळीचं तेवढं बघून घ्या.”

मी माझ्या तोंडानं! माझ्या स्वतःच्या तोंडानं! कोणाला माहीतही नव्हतं. ढमी आपली कव्हरवर लटकून सुखानं राहिली असती, आत काही झालं नसतं. आता मीच तिला आत ढकललं.

सासूबाईंना सांगितलं नाही. जेवण गेलं नाही.

१२ तारीख, गुरुवार

लेखकभाऊंना आणलं. मला वाटलं होतं दाढीवाला मोठा माणूस असेल. हा तर वाळलेला, माझ्या उंचीचा, चष्म्याला दोरी बांधलेली. मालकांनी त्यांना मागच्या कागदाच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. खोलीला खिडकी नाही, वर हातभर झरोका. दाराखाली मात्र दोन बोटं फट आहे. वीस पानं फटीतून बाहेर आली की कुलूप उघडणार, ही त्यांची दरवेळची पद्धत. संडासाला जायचं तर मालक बरोबर जातात.

मी म्हटलं, अहो, माणसाला कोंडतात का असं?

मालक म्हणाले, “तुला ह्यांची नाटकं माहीत नाहीत. मागच्या वेळी आतून म्हाताऱ्याच्या आवाजात कण्हले, मी दार उघडलं, पळाले. त्याआधी बाईचा आवाज काढला. पात्रांचे संवाद मोठ्यानं बोलून बघतात ना, सगळे आवाज येतात त्यांना. आता आतून कोणी मेलं तरी मी उघडणार नाही. चहा तेवढा तू देत जा.”

चहा द्यायला गेले तेव्हा मालक दारात उभे होते, म्हणून हळूच विचारलं. “भाऊ, बाळाचं काय ठरलं?”

त्यांनी डोकं धरलं. “वहिनी, पावणेदोनशे पानं मी त्या ड्रॅगनला सर्दी देऊन गरीब केलं. आता तो एकदम बाळ कसा खाईल? पण कव्हर बघा. तोंड बघा त्याचं. हा खाणारच!”

“खाणार नाही. न्हाणीघरातली पाल आहे ती.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वेडीच. आणि संध्याकाळपर्यंत बाहेर एकच पान आलं. त्यावर नुसती खाडाखोड. टायपिंगवाल्या ताईनं खाडाखोडीचे ठिपके टाइप केले.

१३ तारीख, शुक्रवार, दुपार

मी आत आहे. कागदाच्या खोलीत. ढमी आणि मी. बाहेरून कुलूप आहे. डायरी कमरेला खोचलेली होती, पेन लेखकभाऊंचं.

झालं असं. अडीचला सासूबाई ढमीला सोडून गेल्या. मी तिला कडेवर घेऊन चहा द्यायला आत आले. मुद्दामच तिला आणलं. म्हटलं, ज्याचा बळी द्यायचाय ते पोर एकदा डोळ्यांनी बघू दे ह्यांना. ढमीनं त्यांच्या चष्म्याची दोरी धरून ओढली. ते विरघळले. म्हणाले, “हिला कसा मारू, वहिनी? मला जमणार नाही.” मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात ढमी भुकेनं रडायला लागली. मी अंगावरचा कामाचा झगा काढला, डोक्याचा धुळीचा रुमाल सोडला आणि कागदाच्या थप्पीमागे जाऊन तिला पाजायला बसले. ते म्हणाले, “बसा, बसा, निवांत.” दार वाजलं, कुलूप वाजलं. मला वाटलं संडासाला नेलं असेल.

बाहेर आले तर झगा नाही, रुमाल नाही, किटली नाही, ढमीचं दुपटं नाही आणि लेखकभाऊही नाहीत.

माझा झगा घालून, रुमाल तोंडाला बांधून, दुपट्यात कोऱ्या कागदाचा गठ्ठा गुंडाळून कडेवर घेतला आणि मालकांच्या नाकासमोरून निघून गेला माणूस! मालक मोबाईलमध्ये बघत असणार. बाई आत गेली, बाई बाहेर आली.

मी दार बडवलं. “मालक, मी आहे मी! बाइंडिंगवाली!”

मशीनच्या खडखडाटातून मालकांचा आवाज आला, “वा लेखकमहाशय! बाईचा आवाज मागच्यापेक्षा बरा जमलाय.”

“अहो, खरंच मी आहे! माझं पोरगं आहे आत!”

ढमीनं भोकाड पसरलं. बाहेर टाळ्या वाजल्या. मशीनवालासुद्धा म्हणाला, काय हुबेहूब काढतो हो! आणि मालक म्हणाले, “तेच! तेच लिहा! हे रडणंच पानात उतरू द्या!”

मग मी डायरीचं पान फाडून त्यावर लिहिलं, ‘लेखक पळाला, मी कोंडलेय, दार उघडा.’ फटीतून सरकवलं. बाहेरून मालक म्हणाले, “आलं! एक झालं. एकोणीस बाकी!” आणि पावलं टायपिंगच्या टेबलाकडे गेली. वाचलं नाही. मोजलं.

आणखी दोन तशीच टाकली. “तीन! शाब्बास!”

१३ तारीख, शुक्रवार, चार वाजले असतील

ढमीचं लंगोट बदलायचं होतं. कव्हरचा कागद कामाचा नाही, चकचकीत आहे, ओलं सगळं घसरून खाली येतं. लेखकभाऊंच्या खाडाखोडीनं भागलं.

जरा शांत बसून विचार केला. वीस पानांशिवाय दार उघडणार नाही. आणि ह्या फटीतून जे जाईल ते छापून येणार, कोणी वाचणार नाही. म्हणजे माझ्या पोरीचं काय होणार हे आत्ता फक्त माझ्या हातात आहे. भीती वाटली. मग म्हटलं, वाटू दे. दुसरं कोणी आहे का इथे?

लिहिलं. लेखकभाऊंसारखं नाही, मला येतं तसं.

‘मग ड्रॅगन खाली आला आणि त्यानं धोबिणीचं बाळ उचललं. धोबिणीला बाळ आहे हे आधी सांगायचं राहिलं. ते आठ महिन्यांचं आहे आणि टोपलीत असतं म्हणून दिसलं नव्हतं. लोक ओरडले, बळी, बळी. धोबीण म्हणाली, गप्प बसा. तिनं वर बघून विचारलं, बाबा रे, कशाला उचललंस? ड्रॅगन म्हणाला, बाई, चारशे वर्षं झाली, मला बघून सगळे पळतात. हे एकटं माझ्याकडे बघून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडलं. मला जरा ऐकू दे. मग बाळानं त्याच्या नाकपुडीत बोट घातलं. अडकलेलं सगळं सुटलं आणि इतकी मोठी शिंक आली की अग्निकडा विझला. शेवटचा बळी कोणाचा पडला? तर त्या सर्दीचा. धोबिणीनं बाळ घेतलं, त्याचं नाक पुसलं, मग ड्रॅगनचंही पुसलं. त्याला चादर लागली.’

वाचून ढमीला दाखवलं. तिनं कोपरा खाल्ला.

सगळी मिळून आठच पानं झाली. आधीची तीन धरून अकरा. माझ्याकडची गोष्ट संपली, ढमी सुखरूप आहे, आता ह्यात उगाच पाणी घालून कोणाला परत संकटात टाकणार नाही. पण मालक ओरडतायत, “नऊ बाकी! आणि सहाला आम्ही चाललो हो! नाही झालं तर राहा सोमवारपर्यंत!” सासूबाईंना वाटेल ओव्हरटाइम असेल. त्या बहुतेक दोनशे नव्वदावं पान परत लावून बसल्या असतील. नवरा रविवारशिवाय यायचा नाही.

म्हणून ह्या डायरीतली ३ तारखेपासूनची सगळी पानं फाडतेय आणि एकेक करून फटीतून सरकवतेय. त्यात सासूबाईंचं आहे, काकांच्या मामेबहिणीचं आहे, कोणी रागावू नका. मोजायला पानं झाली म्हणजे झालं. हे विसावं. हे टाकल्यावर दार उघडलं तर ठीक. पण मालकांनी आत्ताच म्हटलं, “वीस झाली की एक प्रस्तावनाही द्या.” त्यांचा भरवसा नाही.

तेव्हा पुस्तक विकत घेऊन जो कोणी इथपर्यंत पोचला असेल, त्याला सांगते. हे वाचणारे तुम्ही पहिलेच आहात. तुमच्या आधी ताईनं टाइप केलं, मशीनवाल्यानं छापलं, पण वाचलं कोणी नाही. कृपा करून माझ्या भावाला फोन करा. त्याला म्हणावं छापखान्याच्या मागच्या खोलीत ये, येताना पहार आण, आणि ढमीसाठी कोरडी लंगोटं. नंबर मला पाठ नाही. माझा मोबाईल बाइंडिंगच्या टेबलावर चार्जिंगला आहे, गुलाबी कव्हरचा. त्यात ‘दादा’ असे दोन आहेत. पहिला गॅसवाला आहे, त्याला लावू नका, तो फार बोलतो. दुसऱ्याला लावा.